पायाच्या आकड्याला हात लावू नकोस

प्रश्न: मॅडम, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली आहे. एसएसएलसीपर्यंत, म्हणजे दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकले, विज्ञानात चांगले मार्क होते. आता बेळगावात पीयूसी फर्स्ट इयर (अकरावी) सायन्सला आहे, रोज बसनं येऊन-जाऊन करते. इथे सगळं इंग्रजीत, आणि समजावताना सर कन्नड बोलतात. फिजिक्स-मॅथ्स कसंबसं जमतंय, पण केमिस्ट्रीत इक्वेशन बॅलन्स करायची वेळ आली की हात थांबतो. पाठ करून गेले तर पेपरात दुसरंच येतं. परवाच्या टेस्टला ४० पैकी ११ पडले. 'टाइप ओळखा' म्हटलं की मला दोन-दोन उत्तरं बरोबर वाटतात, आणि रेडॉक्सचा धडा तर सुरुवातीपासूनच डोक्यावरून जातोय. माझे बाबा वीटभट्टीवर कामाला आहेत. घरचे म्हणतात, अजून वेळ आहे, आर्ट्सला बदलून घे. वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते. मी काय करू?

उत्तर:

बाळ, तुझं पत्र एकदा वाचलं, पण वहीचं पान मात्र फोटो मोठा करून करून बघत बसले. खोडाखोड बरीच आहे. तरी एका ओळीत अजिबात नाही. ती तू ठासून लिहिलीयस आणि शेजारी बरोबरची खूणही केलीयस:

एएल + ओ-टू → एएल-ओ-टू

डावीकडे ॲल्युमिनियम एक, उजवीकडे एक. डावीकडे ऑक्सिजन दोन, उजवीकडे दोन. मोजणी बिनचूक आहे, म्हणजे मोजायला तुला येतं, हे आधी लक्षात घे. चुकलंय ते मोजणीच्या आधीचं. तुझ्या घरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यावर जो ऑक्साइडचा पातळ थर असतो तो एएल-ओ-टूचा नसतो, एएल-टू-ओ-थ्रीचा असतो. हिशेब जुळावा म्हणून तू पदार्थच बदलून टाकलास. त्या पानावर सात समीकरणं आहेत, त्यातली चार चुकली आहेत आणि चारातली तीन याच कारणानं. आजार एकच आहे, आणि तो बरा होणारा आहे.

पुढे जाण्याआधी लिहिण्याची एक रीत ठरवून घेऊ. या पत्रात मी सूत्रं आपण वर्गात बोलतो तशी लिहिते आहे. रेणूच्या समोर येणारा आकडा आकड्यात, आणि अणूच्या पायाशी येणारा आकडा अक्षरात. '२ एच-टू-ओ' यातला २ वेगळा आणि टू वेगळा. हे मुद्दाम करते आहे, कारण तुझा सगळा गोंधळ या दोन दोनांमधला आहे.

पायाशी असलेला टू हा पदार्थाच्या घडणीचा भाग आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात, ते तू आणि मी ठरवलेलं नाही. त्याच्याशी खेळलीस की वस्तूच बदलते. ऑक्सिजन एक कमी पडतोय म्हणून एच-टू-ओचं एच-टू-ओ-टू केलंस, तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. मेडिकलमध्ये बाटली मिळते बघ, जखमेवर ओतली की फेस येतो, ते. समोरचा २ मात्र तुझ्या हातात आहे. तो फक्त सांगतो की असे रेणू किती घेतले. तुझ्या वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव: पायाच्या आकड्याला हात लावायचा नाही.

मग सूत्र बरोबर आहे हे कसं कळायचं? इथे तुझी मराठी शाळा कामाला येते. सहावी-सातवीत लसावि शिकलीस ना? ॲल्युमिनियम तीन इलेक्ट्रॉन देतो, ऑक्सिजन दोन घेतो. तीन आणि दोनचा लसावि सहा. सहा द्यायला ॲल्युमिनियम किती हवेत? दोन. सहा घ्यायला ऑक्सिजन किती? तीन. झालं एएल-टू-ओ-थ्री. कॅल्शियम दोन देतो, क्लोरीन एक घेतो, लसावि दोन, म्हणून सीए-सीएल-टू. हे पाठ करायची गरजच नाही. पाठ करायचं आहे ते एवढंच: नेहमी भेटणारे पंचवीस-तीस आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन बसलेले अणू वा अणूंचे गट, आणि त्यांचे प्रभार. सोडियम, पोटॅशियम, सिल्व्हर, अमोनियम एक. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक दोन. ॲल्युमिनियम तीन. लोह कधी दोन कधी तीन, कॉपर कधी एक कधी दोन. नायट्रेट, हायड्रॉक्साइड एक, सल्फेट, कार्बोनेट दोन, फॉस्फेट तीन. हे पाढ्यासारखं तोंडात बसलं पाहिजे. याला आठ दिवस दे, आणि या आठ दिवसांत एकही समीकरण बॅलन्स करू नकोस. फक्त सूत्रं लिही. ज्या मुलांना बॅलन्सिंग येत नाही म्हणून माझ्याकडे पाठवलं जायचं, त्यांतल्या बहुतेकांना खरं तर सूत्रं येत नसायची.

आता तुझी ती ओळ पुन्हा लिहू.

एएल + ओ-टू → एएल-टू-ओ-थ्री

ऑक्सिजन डावीकडे दोन, उजवीकडे तीन. पुन्हा लसावि सहा. म्हणून डावीकडे ३ ओ-टू, उजवीकडे २ एएल-टू-ओ-थ्री. उजवीकडे ॲल्युमिनियम चार झाले, तेव्हा डावीकडे ४ एएल.

४ एएल + ३ ओ-टू → २ एएल-टू-ओ-थ्री

हे खरंच जुळलं का, ते वजनावर टाकून बघ. ॲल्युमिनियमचा अणुभार २७, चार म्हणजे १०८. ऑक्सिजनचा रेणुभार ३२, तीन म्हणजे ९६. दोन्ही मिळून २०४. उजवीकडे एएल-टू-ओ-थ्रीचा रेणुभार १०२, दोन म्हणजे २०४. किराणा दुकानात तराजूच्या दोन्ही पारड्यांकडे बघतात तसं हे बघायचं. लव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं नेमकं हेच केलं: प्रत्येक प्रयोगाच्या आधी वजन, नंतर वजन. १७८९ मध्ये साखर आंबण्याबद्दल लिहिताना त्यानं बीजगणितातल्यासारखं मधे बरोबरचं चिन्ह घालून एका बाजूला द्राक्षाचा रस आणि दुसऱ्या बाजूला कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल मांडलं. आपल्या जिल्ह्यात उसाची मळी आंबवून अल्कोहोल काढतात तिथेही हाच हिशेब आजतागायत चालतो:

सी-सिक्स-एच-ट्वेल्व्ह-ओ-सिक्स → २ सी-टू-एच-फाइव्ह-ओएच + २ सीओ-टू

सूत्र लांबलचक दिसतं म्हणून घाबरू नकोस. कार्बन मोज, सहा आणि सहा. बाकीचं तू मोज.

बॅलन्स करताना सुरुवात कुठून करायची, हे तू विचारलेलं नाहीस, पण तुझ्या खोडाखोडीवरून दिसतं की तू प्रत्येक वेळी डावीकडच्या पहिल्या मूलद्रव्यापासून सुरू करतेस. तसं करू नकोस. जे मूलद्रव्य दोन्हीकडे एकेकाच पदार्थात आहे ते आधी घे. जे एकटंच, मोकळं उभं आहे, जसं ओ-टू, ते शेवटी. कारण मोकळ्याच्या समोर कोणताही आकडा लावला तरी दुसऱ्या कुणाचा हिशेब बिघडत नाही.

तुमच्या घरी गॅस असेल. त्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेन जळताना बघू:

सी-फोर-एच-टेन + ओ-टू → सीओ-टू + एच-टू-ओ

कार्बन चार, म्हणून ४ सीओ-टू. हायड्रोजन दहा, म्हणून ५ एच-टू-ओ. आता उजवीकडे ऑक्सिजन आठ आणि पाच मिळून तेरा. डावीकडे तो जोडीनं येतो. तेराच्या जोड्या किती? इथे इंग्रजी माध्यमाची मुलं अडखळतात, पण तू अडखळायचं कारण नाही. साडेसहा! तुझ्या आजीला विचार, दिडकी-अडीचकीचे पाढे त्यांच्या तोंडावर असायचे. साडेसहा लिही, बिनधास्त लिही. मग सगळं समीकरण दुप्पट कर:

२ सी-फोर-एच-टेन + १३ ओ-टू → ८ सीओ-टू + १० एच-टू-ओ

दीड, अडीच, साडेतीन, साडेसहा हे आकडे मधल्या पायरीवर आले म्हणजे चुकलं असं समजून तू खोडत आली आहेस. त्या फोटोतल्या चौथ्या चुकीचं कारण हेच. ती तू बरोबर निम्मी सोडवली होतीस आणि मग घाबरून पुसलीस.

अजून एक सवय लावून घे. सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट हे अणूंचं बांधलेलं गाठोडं असतं. दोन्हीकडे गाठोडं जसंच्या तसं असेल तर ते सोडून आतले ऑक्सिजन मोजत बसू नकोस. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि सल्फ्युरिक ॲसिड घे:

२ एएल-ओएच-होल-थ्राइस + ३ एच-टू-एसओ-फोर → एएल-टू-एसओ-फोर-होल-थ्राइस + ६ एच-टू-ओ

सल्फेटची गाठोडी डावीकडे तीन, उजवीकडे तीन. संपलं. तुझे सर 'होल ट्वाइस', 'होल थ्राइस' म्हणतात ते कंसाबाहेरच्या आकड्याला. तो कंसातल्या प्रत्येकाला लागतो, एवढं विसरू नकोस.

आता भाषेबद्दल. मी स्वतः सीमाभागातल्या मराठी शाळेतून कॉलेजला गेले. पहिलं वर्षभर माझ्या डोक्यात 'रिडक्शन' म्हणजे काहीतरी कमी होणं एवढंच होतं. शाळेत क्षपण शिकले होते, उदाहरणं यायची, मार्कही मिळाले होते. पण वर्गात चाललेलं रिडक्शन म्हणजेच आपलं क्षपण, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लाज वाटायची. तुला जे येत नाहीसं वाटतंय, त्यातलं निम्मं तुला येतं, फक्त त्याचं इंग्रजी नाव तुझ्याशी ओळखीचं नाही. म्हणून वहीच्या मागच्या बाजूला तीन रकाने आख. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी, तिसऱ्यात कन्नड. संयोग म्हणजे कॉम्बिनेशन, अपघटन म्हणजे डिकॉम्पोझिशन, विस्थापन म्हणजे डिस्प्लेसमेंट, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट, क्षपण म्हणजे रिडक्शन.

कन्नडचा रकाना का, असं विचारशील. कारण तुझे सर त्याच भाषेत समजावतात, आणि ती तुझ्या वाटते तितकी परकी नाही. समीकरणाला कन्नडमध्येही समीकरणच म्हणतात. संयोगही संयोगच. अपघटनाला विभजने. आणि विस्थापनाला स्थानपल्लट! कानावर पडल्याबरोबर कळतं ना, स्थान पालटणं. मला तर हा शब्द विस्थापनापेक्षा उजवा वाटतो, त्यात काय घडतं ते दिसतं. तुमच्या वर्गात कन्नड माध्यमातून आलेल्या मुलीही असतील, त्यांची इंग्रजीशी हीच झटापट चालू असेल. त्यांच्यातल्या एकीशेजारी बसायला लाग. दोघी मिळून ते तीन रकाने भरा.

आता 'टाइप ओळखा'. तुला दोन-दोन उत्तरं बरोबर वाटतात, कारण बऱ्याचदा दोन्ही बरोबरच असतात. तुझी समज चुकलेली नाही. पुस्तकात संयोग, अपघटन, विस्थापन, दुहेरी विस्थापन आणि रेडॉक्स एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे वाटतं की हे पाच वेगळे डबे आहेत आणि प्रत्येक समीकरण कुठल्या तरी एकाच डब्यात जातं. तसं नाही. पहिले चार शब्द एका प्रश्नाचं उत्तर देतात: कोण कुणाला जोडलं गेलं, कोण सुटलं, कुणाची जागा कुणी घेतली? रेडॉक्स दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतं: इलेक्ट्रॉनची देवघेव झाली का? आणि उष्णता बाहेर पडली की आत गेली, हा तिसरा प्रश्न. तुझी जात विचारली, गाव विचारलं आणि इयत्ता विचारली, तर तू तीन उत्तरं देशील आणि तिन्ही खरी असतील.

चुन्याच्या कळीचं घे. सणाआधी रंग द्यायला पिंपात कळी टाकून पाणी ओतलं की ते फुसफुसतं, वाफ येते, पिंपाला हात लावता येत नाही.

सीए-ओ + एच-टू-ओ → सीए-ओएच-होल-ट्वाइस

दोनाचं एक झालं, म्हणून संयोग. ताप निघाला, म्हणून उष्मादायी. कॅल्शियमचा ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे अणूनं किती इलेक्ट्रॉन दिले (धन) किंवा घेतले (ऋण) त्याचा हिशेब, आधीही धन दोन, नंतरही धन दोन, ऑक्सिजन-हायड्रोजनचंही तसंच, म्हणून रेडॉक्स नाही. आणि वरचं ॲल्युमिनियम-ऑक्सिजनचं? तेही संयोग, तेही उष्मादायी, पण ॲल्युमिनियम शून्यावरून तीनवर गेला. म्हणून ते रेडॉक्ससुद्धा आहे.

याहून चांगलं उदाहरण तुझ्या बाबांच्या भट्टीत आहे. ते मी तुला सविस्तर सांगते, कारण हे पुस्तकात तुला मिळणार नाही. कच्च्या मातीत जी पिवळसर-तपकिरी झाक असते ती पाणी धरून बसलेल्या लोहाच्या ऑक्साइडची, त्याला गोथाइट म्हणतात. भट्टी तापली की त्यातलं पाणी निघून जातं आणि मागे राहतं हेमॅटाइट, लाल रंगाचं. विटेला आणि कौलाला तो लाल रंग त्यामुळेच येतो.

२ एफई-ओ-ओएच → एफई-टू-ओ-थ्री + एच-टू-ओ

मोजून बघ: लोह दोन-दोन, हायड्रोजन दोन-दोन, ऑक्सिजन डावीकडे चार, उजवीकडे तीन आणि एक. एकाचे दोन झाले, म्हणजे अपघटन. आता लोहाचा ऑक्सिडेशन नंबर काढ. डावीकडे धन तीन, उजवीकडेही धन तीन. रंग बदलला, पदार्थ बदलला, पण इलेक्ट्रॉन हललेच नाहीत. रेडॉक्स नाही. बेळगावात हिंडाल्कोचा ॲल्युमिनाचा कारखाना आहे, तिथे शेवटच्या टप्प्यावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड प्रचंड तापवून त्यातलं पाणी घालवतात आणि ॲल्युमिना, म्हणजे आपलं एएल-टू-ओ-थ्री, उरतो. जात तीच, फक्त लोहाच्या जागी ॲल्युमिनियम. ते समीकरण मी लिहून देत नाही, खाली तुला सोडवायला दिलंय.

आता संध्याकाळी बाबांना विचार, भट्टीत हवा नीट खेळली नाही, जळण नुसतं धुमसत राहिलं, तर वीट फोडल्यावर आत कशी दिसते. ते सांगतील, पोटात काळपट. त्या काळेपणात न जळलेल्या कार्बनचा वाटा असतो, आणि दुसरा वाटा लोहाचा. धुमसत्या जळणातून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि तो लोहाकडून ऑक्सिजन काढून घेतो:

एफई-टू-ओ-थ्री + सीओ → २ एफई-ओ + सीओ-टू

लोह तीनवरून दोनवर उतरलं. कार्बन दोनवरून चारवर चढला. उतरला त्याचं रिडक्शन, चढला त्याचं ऑक्सिडेशन. एकजण उतरल्याशिवाय दुसरा चढत नाही, म्हणूनच दोन्ही नावं जोडून रेडॉक्स. एकाच भट्टीत, एकाच मातीत, एक रेडॉक्स नसलेली क्रिया आणि एक रेडॉक्स. माझं ते 'रिडक्शन म्हणजे कमी होणं' शेवटी इथे जागेवर बसलं: कमी होतो तो ऑक्सिडेशन नंबर.

परीक्षेत घाई असते, तेव्हा दोन खुणा उपयोगी पडतात. एखादं मूलद्रव्य एका बाजूला मोकळं आणि दुसऱ्या बाजूला संयुगात अडकलेलं दिसलं, तर ती क्रिया रेडॉक्स असणारच, कारण मोकळ्याचा नंबर शून्य असतो. लोखंडी खिळा मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, द्रावणात टाकल्यावर तांब्याचा थर चढतो, ते विस्थापनही आहे आणि रेडॉक्सही. आणि दोन क्षारांनी नुसती जोडीदारांची अदलाबदल केली, जसं सिल्व्हर नायट्रेट आणि सोडियम क्लोराइड मिसळल्यावर पांढरा अवक्षेप येतो, तर तिथे कुणाचा नंबर हलत नाही. प्रश्न कोणत्या धड्यातला आहे ते बघ; शंका असेल तर दोन्ही लिही, 'विस्थापन, तसंच रेडॉक्स', आणि शेजारी कोण चढला कोण उतरला ते एका ओळीत मांड. ती ओळ असली की तपासणाऱ्याला तुझी समज दिसते.

राहिला रेडॉक्स बॅलन्स करायचा प्रश्न. इथे अणू मोजून भागत नाही, आणि हे न कळल्यामुळे तो धडा डोक्यावरून जातो. पुढे प्रॅक्टिकलला ब्युरेटमध्ये जांभळं पोटॅशियम परमँगनेट भरून ते लोहाच्या द्रावणात थेंब थेंब सोडशील. त्याचं आयनांचं समीकरण बघ. शेवटी प्लस-मायनस लागलेला शब्द म्हणजे प्रभार; एमएन-ओ-फोर-मायनसमध्ये मात्र फोर हा ऑक्सिजनच्या पायाचा आकडा, प्रभार नुसता मायनस, म्हणजे उणे एक.

एमएन-ओ-फोर-मायनस + एफई-टू-प्लस + ८ एच-प्लस → एमएन-टू-प्लस + एफई-थ्री-प्लस + ४ एच-टू-ओ

मँगनीज एक-एक. लोह एक-एक. ऑक्सिजन चार-चार. हायड्रोजन आठ-आठ. सगळे अणू जुळले, आणि तरी समीकरण चूक आहे. प्रभार मोज: डावीकडे उणे एक, अधिक दोन, अधिक आठ, एकूण नऊ. उजवीकडे दोन आणि तीन, पाच. पारडं कललं. मँगनीज सातवरून दोनवर उतरतो, त्याला पाच इलेक्ट्रॉन हवेत. एक लोह देतो फक्त एक. म्हणून पाच लोह लागतात:

एमएन-ओ-फोर-मायनस + ५ एफई-टू-प्लस + ८ एच-प्लस → एमएन-टू-प्लस + ५ एफई-थ्री-प्लस + ४ एच-टू-ओ

आता डावीकडे उणे एक, अधिक दहा, अधिक आठ: सतरा. उजवीकडे दोन अधिक पंधरा: सतरा. पुस्तकात ऑक्सिडेशन नंबरची रीत आणि हाफ रिॲक्शनची रीत अशा दोन दिलेल्या असतात. तू आधी एकच पक्की कर, हाफ रिॲक्शनची. त्यात देणारा वेगळा लिहिला जातो, घेणारा वेगळा, आणि दोघांच्या इलेक्ट्रॉनांचा लसावि काढला की काम झालं. पुन्हा लसाविच.

आर्ट्सचं म्हणशील, तर आर्ट्स कमी नाही. तुला इतिहास किंवा भाषा मनापासून आवडत असेल तर खुशाल जा. पण ४० पैकी ११ पडले म्हणून जाऊ नकोस. ज्या मुलीची मोजणी बिनचूक आहे तिनं सूत्रं येत नाहीत एवढ्यासाठी सायन्स सोडावं, हे मला पटत नाही. घरच्यांना हे पत्र वाचून दाखव आणि पुढच्या टेस्टपर्यंत मुदत माग.

पहिले आठ दिवस सूत्रं, हे वर सांगितलंच. बसमध्ये वही उघडायची गरज नाही, खिडकीबाहेर बघत आयन मनात म्हणत जा. नंतर रोज पाच समीकरणं, जास्त नाही, पण प्रत्येक समीकरण सोडवून झालं की मोठ्यानं मराठीत वाचायचं: 'ॲल्युमिनियमचे चार अणू आणि ऑक्सिजनचे तीन रेणू मिळून ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दोन.' आई विचारेल, काय बडबडूलालीस? बडबडू दे. वाक्य तोंडातून नीट बाहेर पडलं नाही तर समीकरणात कुठेतरी गाठ आहे असं समज आणि परत मोज. सरांनाही एकदा जाऊन भेट. 'मला काही येत नाही' असं म्हणू नकोस. वही उघडून बोट ठेवून विचार, 'सर, ही पायरी का?' असा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारला तरी शिकवणाऱ्याला आनंदच होतो.

पुढची पाच सोडवून मला पाठव, खोडाखोडीसकट. स्वच्छ उतरवून काढू नकोस, मला खोडलेलंच बघायचं आहे. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड तापवून ॲल्युमिना आणि पाणी. खाण्याचा सोडा, म्हणजे एनए-एचसीओ-थ्री, तापवून सोडियम कार्बोनेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड. इथेन, सी-टू-एच-सिक्स, ऑक्सिजनमध्ये जळताना. यात मधे साडेतीन आलं पाहिजे. तांब्याची तार सिल्व्हर नायट्रेटमध्ये. यात अणूंबरोबर प्रभारही बघ. आणि पाचवं, भिंतीला लावलेला ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि पाणी सुटतं, ते. प्रत्येकाच्या शेजारी तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिही. पाचव्याला पहिल्या चार नावांपैकी कोणतं शोभतं यावर तू थोडी अडशील. अड, आणि काय वाटलं ते तसंच लिहून पाठव.